मामंजींची मोटार आणि माझा पायगुण

माझ्या सासऱ्यांइतका चौकस माणूस अख्ख्या निजामाच्या राज्यात दुसरा झाला नाही. ते राज्य केवढं मोठं होतं मला ठाऊक नाही. मी त्यातलं पाहिलं ते तेलगावचं माहेर, उमापूरचं सासर आणि मधला खड्ड्यांचा रस्ता. तरीही हे मी छातीवर हात ठेवून सांगते, कारण तसा दुसरा असता तर दोघांची कुठे ना कुठे गाठ पडली असती आणि ते दोघं एकमेकांना प्रश्न विचारत अजून तिथंच बसलेले असते.

गावात त्यांना तोंडावर पाटील आणि माघारी ‘कावून पाटील’ म्हणत. कुणी काहीही सांगितलं की मामंजी मान किंचित तिरकी करत, सुतानं कानाला बांधलेला चष्मा वर सरकवत आणि विचारत, “कावून?” म्हणजे, का बरं? त्यात राग नसे, संशय नसे, नुसती भूक असे. पुतणीच्या लग्नात भटजींनी मुहूर्त गोरजाचा आहे म्हणून सांगितलं, तर हे म्हणाले, “गोरजच कावून?” भटजीही हौशी निघाले. पंचांग उघडून समजावायला बसले. समजावता समजावता गुरं घरी आली, बांधली गेली, त्यांच्या धारासुद्धा निघाल्या. शेवटी वाजंत्र्यांनी कंटाळून आपण होऊन वाजवायला सुरुवात केली म्हणून ते लग्न लागलं. एकदा रानात जोंधळ्याची कणसं चोरताना एक जण सापडला. गडी त्याला धरून घेऊन आले. मामंजींनी विचारलं, “एवढी रानं सोडून आमच्याच रानात कावून शिरला बे?” तो बिचारा म्हणाला, “मालक, तुमच्या खालच्या पट्टीचं कणीस लई भरतं.” झालं. मामंजींनी त्याला ओसरीवर बसवला, वरच्या पट्टीचं कणीस का भरत नाही ते अर्धा दिवस विचारून घेतलं आणि जेवू घालून लावून दिला. पुढच्या साली वरच्या पट्टीचंही कणीस भरलं.

अशा माणसाच्या हाती मोटार लागली. एका जिनिंगवाल्यानं कापूस वाहून वाहून जुनी झालेली आपली छोटी लॉरी काढून टाकली, ती यांनी घेतली. पुढं तिघांना बसायला बाक, मागं उघडा लाकडी हौदा. रंग मुळात कोणता होता यावर गावात दोन तट होते. मामंजी तिला नाव घेऊन कधी हाक मारत नसत, नुसतं ‘ही’ म्हणत, आणि त्यामुळे घरात फार घोटाळे होत. “ही आज लई धापा टाकती,” असं ते ओसरीवरून म्हणाले की माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणत असे, चुलीपासून उठून येत आणि म्हणत, “मी? मला काय धाड भरलीय?” आत्याबाईंनी त्या मोटारीत कधी पाय ठेवला नाही. त्या धुराच्या डब्यात बसायची वेळ आली तर मी गेल्यावरच न्या, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

मोटार मामंजी स्वतः हाकत. झाड दिसलं की भोंगा वाजवत, माणूस दिसलं की थांबून कुठं निघालात ते विचारत. कोटाच्या खिशांत तांब्याची तार, मेणाचा गोळा, सुतळी, कानस आणि कधी मोटारीची तर कधी बैलाची औषधं. गोठ्याची एक भिंत त्यांनी मोटारीला दिली होती. ती कुठं बंद पडली, कधी पडली, हौद्यात काय भरलं होतं, ऊन होतं की आभाळ, हे सगळं तिथं कोळशानं मोडीत लिहिलेलं असे. म्हशी त्या भिंतीला पाठ घासत, आणि मग मामंजी म्हशीच्या पाठीवरून उरलेलं वाचायचा प्रयत्न करत.

मी लग्न होऊन त्या घरात आले ती याच मोटारीतून. आमच्या घराण्यात बायकांना गोषा होता. म्हणून हौद्याच्या दोन्ही कडांना लोखंडी आकडे ठोकले होते, त्यात लोखंडी गज अडकवायचा आणि गजावरून जाडजूड जाजमाचा पडदा सोडायचा. मी शालूत घामाघूम होऊन त्या पडद्याआड माझ्या पेटीवर बसले होते. तेलगाव ते उमापूर एवढ्या वाटेत मोटार तीनदा बंद पडली. दर खेपेला मामंजी उतरले, झाकण उघडलं, वाकून पाहिलं, काही सापडलं नाही, हँडल मारलं आणि मोटार हसत सुरू झाली. तेव्हा कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. वऱ्हाडात अशा गमती चालायच्याच.

नागपंचमीला माहेरी निघाले, मोटार दोनदा बंद पडली. त्यात एकदा तर सिंदफणेच्या ऐन पात्रात, आणि पाणी चाकाला लागलेलं. दिवाळीला निघाले, पुन्हा तेच. आणि मधल्या सगळ्या महिन्यांत मोटारीनं कापूस वाहिला, कांदे वाहिले, एकदा तर आजारी बैलसुद्धा वाहिला, पण कधी खोकलीसुद्धा नाही. मग आत्याबाईंची धाकटी बहीण, जी विधवा होऊन आमच्याकडेच राहत असे आणि जिला सगळे मावशी म्हणत, तिनं एक दिवस जातं थांबवून सांगितलं, “माझ्या मनात पाप न्हाई बरं का आक्का. पण ही पोरगी बसली की मोटार बंद पडती. पायगुन म्हनून काही असतंय का न्हाई?”

शब्द एकदा तोंडातून निघाला आणि मग घरभर फिरला. बाजाराला गडी निघाला की मला आत जायला सांगू लागले, समोर नको म्हणून. गाय व्यायला झाली तेव्हा मला गोठ्याकडे फिरकू दिलं नाही. आत्याबाई वाईट नव्हत्या. मला बोलायच्या नाहीत, मारायच्या तर नाहीतच. फक्त माझ्या हातचं काही घेताना क्षणभर थांबायच्या. ते थांबणं मला माराहून जास्त लागायचं. आमच्या ह्यांना मी सांगितलं, तर ह्यांनी मान खाली घातली आणि “होईल ठीक,” म्हणाले. त्या काळचे नवरे दिवसाउजेडी एवढंच बोलत.

मामंजींशी बोलायची तर सोयच नव्हती. सुनेनं सासऱ्यासमोर यायचं नाही, आणि आलंच तर पदर नाकापर्यंत. त्यांना पाणी हवं असलं तर ते ओसरीच्या खांबाकडे बघून म्हणत, “पानी मिळालं तर बरं होईल.” मी तांब्या खांबापाशी ठेवून आत पळे. आठ महिन्यांत आमचा संवाद झाला तो सगळा खांबामार्फत.

त्यांच्या कानावर पायगुणाची गोष्ट गेली ती जेवताना. मावशीनंच वाढता वाढता सांगितली. मी दाराआड होते. मामंजींचा घास हातातच राहिला.

“कावून?” ते म्हणाले.

“कावून म्हंजे? ती बसली की मोटार बंद पडती दाजी, तुमच्याच डोळ्यांनी बघताव की.”

“ती बसली म्हनून बंद पडती, का बंद पडती त्या टायमाला ती बसलेली असती?”

“येकच की ते!”

“न्हाई,” मामंजी म्हणाले. “लई फरक हाय.” आणि अर्धं जेवण टाकून उठून गोठ्यातल्या भिंतीकडे गेले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी जे आरंभलं ते उमापूरच्या लोकांनी पुढे कित्येक वर्षं सांगितलं. आधी त्यांना माझं वजन हवं होतं. ते सुनेला कसं विचारणार? त्यांनी खांबाला विचारलं. खांबानं सांगितलं नाही, मीही सांगितलं नाही. मग अंदाजानं त्यांनी जोंधळ्याचं एक पोतं हौद्यात ठेवलं आणि गेवराईपर्यंत जाऊन आले. मोटार सुरळीत. पोत्यात पायली पायली वाढवत आणखी चार फेऱ्या केल्या. काही नाही. पोत्याशेजारी माझी पेटी ठेवून पाहिली. काही नाही. गेवराईहून एका मोटार दुरुस्त करणाऱ्या मिस्तरींना आणलं. त्यांना सगळे उस्ताद म्हणत. मेंदी लावलेली दाढी, सायकलीच्या दांडीला अवजारांची पिशवी. उस्तादांनी तासभर ठोकून, हुंगून, कान लावून पाहिलं. मोटार अशी गोड चालत राहिली की उस्तादांनी तिच्याच टपावर बशी ठेवून चहा प्यायला. “इसको कुच नै हुआ पाटील,” ते म्हणाले. “बिलकुल शरीफ है. ये नखरे तुमारे सामने करती.”

मग मामंजींनी मावशीलाच गाडीत घातलं. तिला वय आणि वैधव्य दोन्ही असल्यानं पडद्याची गरज नव्हती. ती पुढच्या बाकावर देवीसारखी बसली आणि गेवराईला जाऊन आली. मोटार एकदाही थांबली नाही. मावशी उतरली ती जिंकूनच. सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाली, “बघा! बाईमाणूस बसल्यानं काही होत न्हाई. कोन बसतं त्याच्यावर हाय.”

मामंजींनी मान हलवली. एक शेवटची परीक्षा राहिली होती. खांबामार्फत मला निरोप आला. गज अडकवला, पडदा सोडला, मी आत बसले आणि मोटार गावाला फेरी मारायला निघाली. मी डोळे मिटून देवाला सांगत होते, एवढी एक फेरी, एवढी एकच. चावडीसमोर, सगळी माणसं बसलेली असताना, मोटारीनं एक हिसका दिला आणि ती बंद पडली. बाहेर कुणीतरी हसलं. मग कुणीच हसलं नाही, ते जास्त वाईट होतं.

त्या दुपारी ओसरीवर बोलणं झालं. सूनबाईंना काही दिवस तेलगावला राहू द्यावं, असं मावशी म्हणाली. काही दिवस म्हणजे किती, ते कुणी बोललं नाही. असे ‘काही दिवस’ माहेरी राहायला गेलेल्या दोन बायका मला माहीत होत्या, दोघींचे केस माहेरीच पांढरे झाले होते. मी मागच्या दारानं गोठ्यात गेले आणि कडब्याच्या आडोशाला बसून रडून घेतलं.

मामंजी कधी आले मला कळलं नाही. हातात कोळसा घेऊन ते भिंतीसमोर उभे होते. लिहीत काहीच नव्हते. भिंतीवर वरपासून खालपर्यंत बोट फिरवत होते, प्रत्येक ओळीशी थांबत होते. मी निसटायला उठले तर कडबा वाजला.

“सूनबाई,” ते म्हणाले.

मी मागं वळून पाहिलं, आणखी कोण आहे म्हणून. कुणी नव्हतं. खांबही नव्हता.

“सूनबाई, मी उस्तादाला इचारलं, गड्याला इचारलं. मोटार बंद पडली त्या टायमाला जे तिथं न्हवते त्यांनाबी इचारलं. आन् दर खेपेला तू आत व्हतीस. सांग बरं, बंद पडायच्या आधी मागं काय होतं?”

मी पदर नाकापर्यंत ओढला. “वास येतो,” मी म्हणाले.

“कशाचा?”

“चिंधी जळल्यावानी. आन् कट्ट करून वाजतं. मंग बंद पडती.”

“दर खेपेला?”

“दर खेपेला.”

“कुठून येतो वास?”

“डाव्या अंगानं. पडद्याच्या बाजूनं.”

मामंजींचे डोळे चष्म्याआड मोठे झाले. “आगं मग आजवर सांगितलं कावून न्हाई?”

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. मग म्हणाले, “कुनी इचारलंच न्हाई.”

मामंजी नुसते हातातल्या कोळशाकडे बघत राहिले. आयुष्यभर साऱ्या जगाला प्रश्न विचारलेला तो माणूस, त्याचा चेहरा त्या वेळी इतका ओशाळा झाला की मलाच कसंसं वाटलं. मग कोळसा टाकून दिला आणि म्हणाले, “चल.”

आम्ही कुणाला न सांगता मोटार काढली. ऊन अजून चांगलं होतं. खळ्याकडे जाणारी वाट सगळ्यात खराब, म्हणून तीच धरली. मी पडद्याच्या आत, डाव्या कडेच्या लाकडाला नाक लावून बसलेली. पहिला खड्डा, काही नाही. दुसरा, काही नाही. तिसऱ्याला गज नाचला, कट्ट वाजलं, आणि आकड्याखालून धुराची बारीक रेघ माझ्या नाकासमोरून वर गेली.

“मामंजी! हितं! हितं हाय!”

एवढ्या मोठ्यानं मी लग्नानंतर पहिल्यांदाच ओरडले. शेजारच्या रानातली माणसं औत थांबवून बघायला लागली. मामंजी धावत आले, पडदा बाजूला केला आणि आम्ही दोघं डोक्याला डोकं लावून त्या आकड्यावर वाकलो. जिनिंगवाल्याच्या माणसानं कधीतरी कापूस भरताना उजेड हवा म्हणून बॅटरीतून थेट एक तार मागं ओढली होती. दिवा केव्हाच गेला होता, तार मात्र फळीच्या कडेनं तशीच राहिली होती, जिवंत. नेमक्या तिच्यावरच आकडा ठोकलेला. तारेवरचं कापड झिजून तांबं उघडं पडलेलं. नुसत्या आकड्याला काही नव्हतं. पण त्यावर गजाचा आणि जाजमाचा भार आला आणि खड्ड्यात हिसका बसला की आकडा तारेवर दाबला जायचा. बॅटरीतली सगळी वीज आकड्यातून खालच्या लोखंडी सांगाड्यात पळायची आणि इंजिनाच्या वाट्याला काहीच उरायचं नाही. हिसका सरला की आकडा सुटायचा. झाकण उघडून पाहणाऱ्याला दिसणार काय? आणि गज लागायचा तो फक्त माझ्यासाठी, कारण घरातली दुसरी कुणी बाई हौद्यात बसतच नव्हती.

मामंजी लगेच दुरुस्त करायला बसले असतील असं वाटतं ना? नाही. त्यांनी मोटार तशीच घरी आणली, दारात उभी केली, इंजिन चालू ठेवलं आणि घरातल्या सगळ्यांना बाहेर बोलावलं. हौदा रिकामा होता. मी आत्याबाईंच्या मागं जमिनीवर उभी होते. मामंजींनी गजावर हात ठेवून दाबला. मोटार बंद. हात काढला, हँडल मारलं. मोटार चालू. पुन्हा दाबला. बंद. असं त्यांनी सात वेळा केलं, घामानं कोट भिजेपर्यंत. मग मावशीला म्हणाले, “आता तुमी दाबा.” मावशीनं पदरानं धरून एका बोटानं दाबला. बंद.

तिनं बोट पदराला पुसलं. मग म्हणाली, “मंग ह्या गजाचाच पायगुन वाईट म्हनायचा.”

“गजाला पाय कुठंय मावशी?” मामंजी म्हणाले, आणि आत्याबाईंना जे हसू फुटलं, ते पदर तोंडाशी नेऊनही थांबेना. मी त्यांना मोकळेपणानं हसताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. हसता हसता त्यांनी माझा दंड धरला, आधारासाठी असेल, आणि मग हसू संपल्यावरही सोडला नाही. मृगाच्या पेरणीला तिफणीच्या पूजेचं ताट त्यांनी कुणाला न विचारता माझ्या हातात दिलं.

मामंजींनी ती तार उपटून काढली. आता पडदा लावायला काहीच हरकत नव्हती. पण त्यांनी आकडेही उपटले आणि गज विहिरीवर धुणं वाळत घालायला दिला. पुढच्या खेपेला मी माहेरी निघाले ती पुढच्या बाकावर बसून. आत्याबाईंनी दारातून विचारलं, “आवो, लोक काय म्हनतील?” तर म्हणाले, “हिला काय झालं ते तिच्या नाकाला आधी कळतं. ते नाक मला पुढं पाहिजे.” यातली ‘ही’ कोण आणि ‘ती’ कोण, ते आत्याबाईंना शेवटपर्यंत नीट कळलं नाही, पण त्यांनी पुन्हा विचारलंही नाही. तेलगावला मी मोटारीतून उघड्या तोंडानं उतरले तेव्हा माझी आई चौकटीत उभी राहून बघतच राहिली. वाटभर मामंजी विचारत होते, “काय वास येतो?” आणि मी सांगत होते, पेट्रोलचा, आता बोरीचा, आता कुणाच्या तरी गुऱ्हाळाचा.

मग दूर कुठंतरी दुसरी लढाई सुरू झाली आणि आमच्याकडे पेट्रोल मिळेनासं झालं. मोटार गोठ्याशेजारी उभी राहिली. कोंबड्यांनी तिच्यात अंडी घातली. मामंजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, तरी रोज सकाळी ते तिच्या अंगावरून हात फिरवून येत. शेवटी एका वीटभट्टीवाल्यानं ती मागितली, सांगाडा आणि चाकं उपयोगी पडतील म्हणून. तो बैलजोडी घेऊन आला. मोटारीला पुढं दोर बांधला, बैलांनी मान घातली आणि ती चालू लागली.

मामंजी वेशीपर्यंत तिच्याबरोबर चालत गेले. त्यांना रस्ता दिसत नव्हता, म्हणून मी त्यांचा हात धरला होता. तोवर मी दोन मुलांची आई झाले होते. कुणी काही म्हणालं नाही. वेशीपाशी ते थांबले.

“कुठवर गेली?” त्यांनी विचारलं.

“ओढ्यापाशी.”

“उतरली ओढ्यात?”

“उतरली. बैल ओढत्यात. चढली बघा पल्याड.”

“आन् आता?”

“बाभळीपाशी हाय.”

बाभळीनंतर वळण होतं. मोटार त्या वळणाआड गेली, मागं नुसता धुरळा राहिला, तोही हळूहळू खाली बसला. मामंजी तिकडेच तोंड करून उभे होते.

“दिसती का अजून?”

“दिसती,” मी म्हणाले.

त्यांनी माझा हात थोडा घट्ट धरला. ते हलले नाहीत, म्हणून मीही तिथंच उभी राहिले.